ग्रँड केमनला तीन तासांची बोट: साबांचे गुडघे सांभाळून कुठली घ्यावी?

मृण्मयी७७ | १६ नोव्हेंबर, रात्री १०:१२

मंडळी, डिसेंबरात टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनहून सात रात्रींची क्रूझ घेतली आहे. जमैकातलं फाल्मथ, मग ग्रँड केमन बेट, मग मेक्सिकोचं कोझुमेल असे तीन थांबे. आम्ही दोघं, लेक (वय ६) आणि पुण्याहून आलेले साबा-साबु (सासूबाई-सासरेबुवा).

क्रूझ घ्यावी की नाही, खोली कुठली, जहाजावर शाकाहारी मिळतं का हे सगळं उरकलंय, त्यामुळे कृपया त्यावर नको. प्रश्न एवढाच आहे की ग्रँड केमनला जहाज सकाळी ८ ते दुपारी ४ थांबणार, त्यात दोन-तीन तासांची एक बोट सफर घ्यायची आहे. कुठली?

आत्तापर्यंत तीन सापडल्या.
क) जहाजाचीच सफर: बसने मरिना, तिथून मोठ्या बोटीने स्टिंगरे सिटी (स्टिंगरे नावाचे मासे बघायची उथळ पाण्यातली जागा). एका बोटीत पन्नास-साठ माणसं.
ख) तिथल्याच एका छोट्या बोटवाल्याची तीच सफर, वीसच्या आत माणसं, थोडी स्वस्त, वर प्रवाळाजवळ स्नॉर्केलिंगचा एक थांबा.
ग) बंदरातच फिरवणारी काचेच्या खिडक्यांची बोट. पाण्यात न उतरता मासे बघायचे. तासाभराचं काम.

साबु ७३, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, त्यांना सगळंच करायचंय. साबा ६८, डावा गुडघा कुरकुरतो, पोहता येत नाही, आणि 'मला बोट लागते' हे वाक्य तिकिटं काढल्यापासून रोज एकदा. नवरा म्हणतो, 'तू ठरव, मी येतो.' (ह्या वाक्यावर वेगळा धागा काढणार आहे.)

---

आगाऊ_कार्टं | १६ नोव्हेंबर, रात्री १०:३१

घ) साबांना जहाजावर ठेवा, साबुंना क, नवऱ्याला ग, तुम्ही एकट्या ख. घरात शांतता.

---

भटकी_मांजर | १६ नोव्हेंबर, रात्री ११:०५

मृण्मयी, केमनला दोनदा गेले आहे म्हणून लिहिते.

सगळ्यात आधी हे लक्षात घे की तिथे मोठ्या जहाजांसाठी धक्काच नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यावर सार्वमत झालं आणि लोकांनी धक्का नको म्हणून सांगून टाकलं. त्यामुळे जहाज जॉर्जटाउन ह्या तिथल्या मुख्य गावासमोर समुद्रात उभं राहतं आणि तुम्हाला छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात. त्याला टेंडर म्हणतात. म्हणजे तू कुठलीही सफर घेतलीस तरी त्या दिवशी साबा किमान दोनदा बोटीत बसणार आहेत, हे त्यांना आत्ताच सांगून ठेव.

घाबरण्यासारखं काही नाही. मुरुडला जंजिऱ्याला गेली असशील ना? शिडाच्या होडीतून लाट वर यायची वाट बघत किल्ल्याच्या पायरीवर पाऊल टाकतो, त्यापेक्षा हे पुष्कळ सोपं. केमनला बहुतेक वेळा तिथल्याच मोठ्या, बाकं असलेल्या बोटी येतात, दोन्हीकडून खलाशी दंड धरतात.

पण वेळेचं गणित बदलतं. ८ ते ४ म्हणजे तुझ्या हातात खरे ९ ते ३. सकाळी जहाजाच्या सफरीवाल्यांना आधी उतरवतात, बाकीच्यांना टेंडरचा नंबर घेऊन थांबावं लागतं. संध्याकाळी शेवटचा टेंडर जहाज सुटायच्या बराच आधी निघतो. ख घेणार असशील तर सकाळी साडेआठची बोट धरू नकोस, दहाची धर.

आणि पैसे परत मिळतील अशीच सफर घे. डिसेंबर-जानेवारीत वायव्येचा वारा सुटला की जॉर्जटाउनसमोर टेंडर चालवता येत नाहीत. मग कधी जहाज दक्षिण किनाऱ्यावर स्पॉट्स नावाच्या जागी जातं, कधी केमन सोडूनच देतं. पहिल्या खेपेला आमचं तसंच झालं, दिवसभर जहाजावर बिंगो.

---

गणपुले_मास्तर | १६ नोव्हेंबर, रात्री ११:२०

वेळेवरून आठवलं. केमन, जमैका आणि कोझुमेल तिन्ही ठिकाणी बारा महिने एकच वेळ असते, उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत. डिसेंबरात ती टेक्सासच्या एक तास पुढे. तुमचं जहाज घड्याळ बदलेल किंवा बदलणार नाही, ते कप्तान ठरवतो. नाही बदललं तर किनाऱ्यावरचे दहा म्हणजे जहाजावरचे नऊ. बोटवाला त्याच्या दहाला निघून जाईल आणि तुम्ही तुमच्या पावणेदहाला रमतगमत पोचाल. मोबाईल आपल्या मनाने वेळ बदलतो, त्यावर विसंबू नका. एक साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावा आणि बोटवाल्याला विचारा, 'ही वेळ कुणाची?'

---

मृण्मयी७७ | १६ नोव्हेंबर, रात्री ११:४४

बापरे, हे डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद मास्तर. मनगटी घड्याळ साबुंकडे आहे, एचएमटी, रोज सकाळी चावी देतात. झालं काम.

मांजर, तिथे पाण्यात नेमकं काय असतं? व्हिडिओत सगळे किंचाळतच असतात, काही कळत नाही.

---

भटकी_मांजर | १७ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

बेटाच्या उत्तरेला नॉर्थ साउंड म्हणून मोठी उथळ खाडी आहे. तिच्या तोंडाशी प्रवाळाची भिंत आहे, ती लाटा अडवते, आणि भिंतीच्या आत वाळूचा दांडा तयार झालाय. चहूबाजूंना समुद्र आणि मध्येच कमरेएवढं पाणी. पूर्वी कोळी बाहेर मासेमारी करून येताना ह्या शांत पाण्यात थांबून मासे साफ करायचे आणि आतडी-बितडी पाण्यात टाकायचे. ते खायला स्टिंगरे यायला लागले. मग त्यांना बोटीच्या इंजिनाचा आवाज म्हणजे जेवणाची घंटा झाली. पुढे पाणबुडे आले, त्यांच्यामागून पर्यटक.

बोट नांगर टाकते, शिडी लावतात, तुम्ही उतरता. स्टिंगरे आपणहून येतात, पायाला घासून जातात. माद्या मोठ्या, पंखाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चार-पाच फूट. नर त्यांच्यापुढे अगदी ताटाएवढे. माखलीचे (स्क्विडचे) तुकडे हातात देतात ते अंगठा आत मुडपून धरायचे, कारण त्याचं तोंड पोटाखाली असतं आणि तो तुकडा ओढून घेतो. चालताना पाऊल उचलायचं नाही, वाळूतून घासत न्यायचं, म्हणजे चुकून अंगावर पाय पडत नाही. त्याला पाण्याबाहेर उचलायला कायद्याने बंदी आहे. पायातलं बोटीतच काढून ठेवायला लावतात.

पोहता आलंच पाहिजे असं नाही. उभं राहायचं असतं.

---

अण्णा_अलिबागकर | १७ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

अहो म्हणजे पाकट! स्टिंगरे स्टिंगरे काय लावलंय. आमच्याकडे बाजारात मोरी-पाकट एका पाटीत असतात. पैसे देऊन पाकटाला हात लावायला जायचं, ही मात्र कमाल आहे.

सांगायचा मुद्दा. पाकटाचा काटा नांगीसारखा शेपटीच्या टोकाला नसतो, बुडाकडे असतो, करवतीसारखा. जाळ्यात आलं की कोळी पहिलं काम काटा मोडायचं करतात. अंगावर पाय पडला तरच मारतो, उगाच मारायला येत नाही. त्यामुळे ताईंनी सांगितलेली घासून चालायची गोष्ट सहा वर्षांच्या पोराकडून घरी घोटवून घ्या.

---

आगाऊ_कार्टं | १७ नोव्हेंबर, सकाळी ८:२२

आला पाकट, चालला धागा पाककृती विभागात.

---

हिरवा_चाफा | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

विरोधी मत मांडते, राग मानू नका.

हे मासे मुळात एकेकटे राहणारे आणि रात्री खाणं शोधणारे. तिथे अभ्यास करणाऱ्यांना दिसलं की खायला मिळणारे स्टिंगरे दिवसा जागे राहायला लागलेत आणि गर्दीने राहतात. एका वाळूच्या दांड्यावर शंभराच्या आसपास, आणि जेवण कोणतं, तर रोज तीच माखली. त्यात हॉटेलांचे पर्यटक आणि क्रूझचे पर्यटक मिळून दिवसभर हात फिरणार. मी गेले होते आणि मला ते ताडोबात गाड्यांनी वाघाला वेढा घातल्यासारखं वाटलं.

जायचंच असेल तर ज्या दिवशी बंदरात कमी जहाजं आहेत तो दिवस बघा. तो काही तुमच्या हातात नाही म्हणा. निदान दुपारची बोट घ्या, सकाळची झुंबड ओसरलेली असते. आणि सनक्रीम उतरायच्या तोंडावर थापू नका, लांब बाह्यांचा पोहायचा टीशर्ट घाला.

---

भटकी_मांजर | १७ नोव्हेंबर, सकाळी १०:०२

चाफा, पटतं. पण तिथे त्यांना पकडायला बंदी आहे आणि जिवंत स्टिंगरेवर इतक्या लोकांची पोटं चालतात म्हणून ती बंदी टिकून आहे, हेही खरं ना?

---

हिरवा_चाफा | १७ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

खरं आहे. म्हणून 'जाऊ नका' म्हटलं नाही. :)

---

दर्यावर्दी | १७ नोव्हेंबर, दुपारी १:३०

वीस वर्षं व्यापारी जहाजांवर काढली आहेत, माणसं चढवणं-उतरवणं हा माझा रोजचा धंदा होता. तेव्हा मला पाकटापेक्षा शिडीबद्दल बोलायचंय.

मृण्मयीताई, तुम्ही क, ख, ग मध्ये तुलना कशाची केलीत? पैसे, माणसं, थांबे. जाहिरातीत तेवढंच असतं. पण ज्यांचा गुडघा दुखतो त्यांच्यासाठी सफर म्हणजे सहा पायऱ्या. पाण्यात उतरताना शरीर हलकं असतं, कुणीही उतरतं. परत वर येताना पहिल्या पायरीपर्यंत पाणी तोलून धरतं आणि दुसरीला अचानक सगळं वजन गुडघ्यावर येतं. त्यात नांगर टाकलेली बोट लाटेबरोबर वरखाली होते, म्हणजे शिडीही होते. बहुतेक छोट्या बोटींना गोल नळीची शिडी असते. अनवाणी, ओल्या पायाने गोल नळीवर उभं राहून बघा, तळवा मध्येच दुमडतो. शेवटची पायरी पाण्यात पुरेशी खोल नसेल तर ढोपर छातीपर्यंत न्यावं लागतं. आठ वर्षांच्या पोराला काही नाही. साबांना मात्र खाली उतरल्यावर कळेल, आणि तेव्हा परत यायला दुसरा रस्ता नसतो.

म्हणून बोटवाल्याला एकच मेल टाका: शिडीचा फोटो पाठवा. बोट पाण्यात असतानाचा. पायऱ्या सपाट आहेत का, दोन्ही बाजूंना धरायला कठडा आहे का, खालची पायरी पाण्यात किती जाते, ते बघा. फोटो न पाठवणाऱ्याकडे जाऊ नका.

बोटीबद्दल: कॅटमरान असेल तर उत्तम. दोन अरुंद पोटांवर टाकलेला माचा असतो तो, कुशीवर लोळत नाही. (शब्द आपल्याच देशातला आहे, तमिळ कट्टुमरम, म्हणजे बांधलेली लाकडं.) रबरी फुग्यांची वेगवान बोट स्वस्त दिसली तरी पाठ आणि मणके असलेल्या माणसांनी घेऊ नये.

आणि ग ला हलकं समजू नका. तीही सफरच आहे.

---

नंदा_सिॲटल | १७ नोव्हेंबर, दुपारी २:१०

ग आम्ही केली आहे, आईबाबांबरोबर. ती बुडत नाही, पाणबुडीसारखी नुसती दिसते. वरचा भाग पाण्यावरच, तुम्ही पोटात खाली पाच फूट जाऊन बसता आणि दोन्हीकडे खिडक्या. खरी पाणबुडीसुद्धा आहे तिथे, ती १०० फुटांपर्यंत जाते, पण महाग.

बंदरातच कॅली नावाच्या शिडाच्या जहाजाचे अवशेष आहेत. त्यात तांदळाची पोती होती, पाणी शिरलं आणि तांदूळ फुगून जहाज उसवलं असं गाइड सांगतात. बाबा म्हणाले, 'म्हणजे भातानेच घात केला.' पुढे चीझबर्गर रीफ, वर किनाऱ्यावर बर्गरचं दुकान आहे म्हणून ते नाव.

फायदा असा की टेंडरच्या धक्क्याजवळूनच सुटते, बस नाही. तोटा असा की आत जायला उभा जिना आहे (कोरडा आणि कठडा असलेला, पण उभा), आणि बोट अवशेषांवर थांबून हळूहळू डुलते. खिडकीबाहेर मासे एकीकडे, आपण दुसरीकडे. आईला वर येईपर्यंत घाम फुटला होता. ज्यांना बोट लागते त्यांनी तीच सगळ्यात सोपी समजू नये.

---

डॉक्टरीणबाई | १७ नोव्हेंबर, संध्या. ६:४५

बोट लागण्यावर. स्टुजेरॉन हवी असेल तर पुण्याहूनच आणायला हवी होती, अमेरिकेत ती मिळत नाही. इथे दुकानात बोनीन किंवा ड्रामामिन मिळेल. मात्र ह्या सगळ्या गोळ्यांनी पेंग येते, आणि साबुंना प्रोस्टेटचा त्रास किंवा दोघांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर आपल्या मनाने देऊ नका, त्यांच्या डॉक्टरांना विचारा. क्रूझच्या आधी घरी एकदा घेऊन बघायची, किती गुंगी येते ते कळतं. मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, बोटीच्या तासभर आधी घ्यायची.

उपाशी पाठवू नका आणि बुफेवर आडवा हात मारूनही नको. आलेपाक चालेल. बोटीत मागच्या बाजूला, मध्यावर बसायचं, नजर क्षितिजावर.

आणि काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, त्या विषाचा जोर उष्णतेने कमी होतो. काटा खोल रुतला असेल तर ओढून काढायचा नाही. त्यानंतर डॉक्टर.

---

अण्णा_अलिबागकर | १७ नोव्हेंबर, संध्या. ७:०३

गरम पाण्याला +१. आमचे कोळी हेच करतात, कुठल्या कॉलेजात न जाता.

---

सुरंगी | १७ नोव्हेंबर, रात्री ९:२०

मी जरा धाग्याचा प्रश्नच बदलते. बोट केमनलाच का हवी?

तुमचा पहिला थांबा फाल्मथ आहे ना? तिथून अर्ध्या तासाच्या आत मार्था ब्रे नदी आहे, तिच्यावर बांबूच्या तराफ्यातून नेतात. तीसेक फुटी तराफा, मागच्या बाजूला दोघांचं बाक, पुढे नावाडी उभा राहून लांब बांबूने ढकलत नेतो. सुमारे तीन मैल, तास-सव्वा तास, प्रवाहाबरोबर. इंजिन नाही, लाटा नाहीत, शिडी तर नाहीच, काठावरून पाऊल टाकायचं. दोन्ही काठांना झाडी आणि पाणी हिरवं. एका तराफ्यावर दोनच मोठी माणसं, त्यामुळे साबा-साबुंना एक देऊन टाका.

वाटेत काठावर दुकानं लागतात आणि लोक पाण्यात उभं राहून वस्तू विकतात, 'नको' म्हणायची सवय ठेवा. नावाड्याला बक्षिशी द्यायची असते, सुटे डॉलर ठेवा.

साबांची बोट तिथे होऊन जाईल. मग केमनला त्या काठावर बसल्या तरी कुणाला वाईट वाटायला नको.

---

मृण्मयी७७ | १८ नोव्हेंबर, रात्री १०:५०

सुरंगी, तुला साष्टांग नमस्कार! तराफा नक्की.

आणि दर्यावर्दी, तुमचं ऐकून दोघांना मेल टाकली. ख वाल्याचा सकाळीच फोटो आला. सपाट पायऱ्या, दोन्हीकडे कठडे, खालच्या दोन पायऱ्या पाण्यात. कॅटमरान आहे, छोटी. फोटोत शिडीवर त्याचा कुत्रा बसलाय. क बद्दल जहाजाच्या कंपनीला विचारलं तर 'मध्यम शारीरिक क्षमता आवश्यक' एवढं छापील उत्तर आलं.

पण ख मध्ये एकच धाकधूक. उशीर झाला तर जहाज थांबणार नाही ना?

---

भटकी_मांजर | १८ नोव्हेंबर, रात्री ११:१५

नाही थांबणार. जहाजाची सफर असेल तर थांबतं, तुझ्या स्वतःच्या सफरीसाठी नाही. मग पुढच्या बंदराला स्वखर्चाने विमानाने. म्हणून सगळ्यांचे पासपोर्ट बरोबर घे, जहाजाच्या तिजोरीत ठेवू नकोस. वॉटरप्रूफ पिशवीत. पण १० ला निघून १:३० ला परत येणारी बोट असेल तर काळजीचं कारण नाही. बोटवाल्यांचं गिऱ्हाईकच क्रूझवालं आहे, ते घड्याळाचे पक्के असतात.

डॉलर चालतात, फक्त सुटे कधी केमनच्या पैशांत मिळतात. केमनचा डॉलर अमेरिकेच्या डॉलरपेक्षा महाग आहे, १ ला १.२०. कमी नोटा परत आल्या म्हणून भांडू नकोस, मी भांडले होते.

---

आगाऊ_कार्टं | १८ नोव्हेंबर, रात्री ११:१८

कुत्र्यासाठी ख ला माझं मत.

---

मृण्मयी७७ | २९ डिसेंबर, रात्री ९:३५

मंडळी, परत आलो. वृत्तांत द्यायचं कबूल केलं होतं, आधी काय झालं ते लिहिते, फोटो नंतर.

तराफा अप्रतिम. साबा-साबु एका तराफ्यावर, मी आणि लेक दुसऱ्यावर, नवरा एकटाच तिसऱ्यावर राजासारखा. साबुंनी नावाड्याला नदीची खोली, पावसाळ्यातला पूर आणि वर कुठे बंधारा आहे का हे विचारून घेतलं. त्याने सगळ्याची उत्तरं दिली. शेवटी दोघं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते.

केमनला सकाळी वारा होता. टेंडर चालू होते, पण वीस मिनिटं आमचा नंबर लागेना आणि माझ्या पोटात गोळा. (जहाजाने घड्याळ बदललं नव्हतं. मास्तर, तुम्ही नसता तर बोट गेली होती.) बोटीवर आम्ही चौदा जण आणि कुत्रा. साबांचं ठरलेलं होतं की बोटीतच बसणार, पाण्यात अजिबात नाही. मीही आग्रह केला नव्हता.

वाळूच्या दांड्यावर पोचलो, नांगर पडला, आणि पाण्याखालून तीन-चार काळ्या सावल्या बोटीकडे सरकत आल्या. साबा कठड्यावर ओणवल्या आणि म्हणाल्या, 'अगं, हे तर पाकट!'

अण्णा, तुमचा प्रतिसाद मी त्यांना वाचून दाखवलाच नव्हता. लग्नाला सोळा वर्षं झाली, साबांचं माहेर रेवदंड्याचं हे मला माहीत, पण कोळीण दारात पाटी उतरवायची आणि साबा लहानपणी काटा मोडलाय ना ते बघायला पुढे व्हायच्या, हे मला त्या बोटीत कळलं. 'मला बोट लागते' म्हणजे समुद्राची भीती असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. भीती होती ती पडायची.

त्यांनी शिडी बघितली. हाताने कठडा हलवून बघितला. मग साडीऐवजी घातलेला पंजाबी ड्रेस गुडघ्यापर्यंत वर खोचून एक-एक पायरी उतरल्या आणि सगळ्यात खालच्या पायरीवर, पोटरीभर पाण्यात, दोन्ही हातांनी कठडे धरून उभ्या राहिल्या. त्याच्या खाली नाही. गाइडने एक मोठी मादी माखली दाखवत शिडीपाशी आणली, ती त्यांच्या पावलांवरून सरकत गेली. दोन मिनिटांनी परत आली. साबांनी एक हात सोडून तिच्या पाठीला लावला. म्हणाल्या, उकडीच्या पारीला पाण्याचा हात लावल्यावर लागते तशी मऊ. पाठीच्या कण्यावर मात्र खरखर. पंचवीस मिनिटं त्या पायरीवर होत्या. बाकीच्यांना चढा-उतरायला दुसऱ्या बाजूची शिडी लावावी लागली.

साबु पाण्यात. पाणी बरगडीपर्यंत. त्यांचा सगळा वेळ गाइडला भरती-ओहोटीचा फरक विचारण्यात गेला. तो म्हणाला फूट-दीड फूट. ह्यांचा विश्वास बसेना, मुंबईत चार-पाच मीटरची भरती बघितलेला माणूस.

लेक उतरलीच नाही. आठवडाभर घासून चालायचा सराव केला होता हॉलमध्ये. तिचं म्हणणं, 'त्याचे डोळे वर आहेत आणि तोंड खाली, म्हणजे तो न बघता खाणार.' ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्यासाठी नवरा बोटीत थांबला. आणि बोट लागली कुणाला, तर त्याला. चालत्या बोटीत ठणठणीत होता, नांगर टाकून डुलायला लागल्यावर दहा मिनिटांत पांढरा. गोळी साबांनी घेतली होती, ह्याने नाही.

चाफा, सांगायला हवं की आम्ही पोचलो तेव्हा शेजारी सात बोटी होत्या आणि एका बोटीवर मोठ्याने गाणी. ते बघून मलाही कसंतरी झालं. स्नॉर्केलिंगच्या थांब्यावर मात्र आम्ही एकटेच होतो.

दीडच्या आधी धक्क्यावर, अडीचच्या टेंडरने जहाजावर.

---

दर्यावर्दी | २९ डिसेंबर, रात्री १०:१०

खालच्या पायरीवर पंचवीस मिनिटं! शिडी सपाट होती म्हणून. गोल नळीवर पाच मिनिटंही उभं राहवलं नसतं.

---

डॉक्टरीणबाई | २९ डिसेंबर, रात्री १०:२२

'मला काही होत नाही' म्हणणाऱ्यांना आधी गोळी द्यायची, हे लिहायचं राहिलं होतं.

---

किरण_डॅलस | २९ डिसेंबर, रात्री १०:४०

मस्त वृत्तांत. आम्हाला मार्चमध्ये नासाऊ आहे, तिथल्या बोटींबद्दल इथेच विचारू का नवीन धागा काढू? दोन जुळी, वय ४.

---

मृण्मयी७७ | २९ डिसेंबर, रात्री १०:५२

इथेच विचारा. जुळ्यांसाठी मापाची लाइफ जॅकेटं आहेत का ते आधी कळवायला सांगा बोटवाल्याला. आमच्याकडे लेकीच्या मापाचं एकच होतं, तेही शोधून काढलं.

---

अण्णा_अलिबागकर | २९ डिसेंबर, रात्री ११:०१

मृण्मयीवहिनी, तुमच्या साबांना आमचा नमस्कार सांगा. आणि विचारा, पाकटावर आधी गरम पाणी ओतून वरची खरखर काढायची, की कापून मग?

---

मृण्मयी७७ | २९ डिसेंबर, रात्री ११:०९

विचारलं. 'आधी गरम पाणी. कापून मग करतात त्यांना वास जात नाही म्हणून ओरडत बसावं लागतं.' आणि चिंचेऐवजी कोकम, आणि आलं नाही, नुसता लसूण. सांगताना मला लिहून घे म्हणाल्या, घेतलंय.

---

हिरवा_चाफा | २९ डिसेंबर, रात्री ११:१२

पायावरून फिरवून आणलीत आणि आता कोकम!

---

आगाऊ_कार्टं | २९ डिसेंबर, रात्री ११:१३

मी १७ नोव्हेंबरलाच सांगितलं होतं.